पुढे वाकले तरी बरे, मागे वाकले तरी बरे

नुंगंबाक्कम, मद्रास
ता. १२ ऑगस्ट १९५८

चि. रत्नाकर,

आशीर्वाद. अक्षर पाहून घरात काही बरेवाईट झाले असे तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगते, काही झालेले नाही. इतक्या वर्षांत मी नागपूरला दिवाळीच्या कार्डाखेरीज काही धाडले नाही, आणि त्या कार्डाची पोच देण्यापलीकडे तूही बहिणीला तसदी दिली नाहीस. तेव्हा नमनाला घडाभर तेल न घालता कामाचे विचारते.

आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ आहेत. सत्तरीच्या घरातले, काटक, रागीट, आपण कधी आजारी पडत नाही अशी पैज लावून जगणारे. काल संध्याकाळी ते जेवता जेवता ताटावरून उठले आणि थोड्या वेळाने पोट धरून बसले. कळ बेंबीपाशी सुरू झाली. एक उलटी झाली. आज सकाळपासून कळ उजवीकडे खाली सरकली आहे, अंगात कणकण आहे. इस्पितळात जायला तयार नाहीत. होमिओपथीवर त्यांचा विश्वास आहे. (इथे तू ओठ मुडपलेस. दिसले मला.)

त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपुढे पेच पडला आहे तो असा. पुढे वाकून, पोटात मूठ दाबून रोग्याला बरे वाटत असेल, तर औषध कोलोसिंथ, म्हणजे आपले कडू वृंदावन. मागे रेलून, अंग ताणून बरे वाटत असेल, तर डायोस्कोरिया, ही आपल्या कोनफळाची कुणी रानटी बहीण आहे. दोन्ही एकाएकी उठणाऱ्या पोटशुळावरची. फरक तो वाकण्याचा. आणि आमच्या गृहस्थांना पुढे वाकले तरी बरे वाटते, मागे वाकले तरी बरे वाटते. म्हणजे खरे पाहता कसेही वाकले तरी बरे वाटत नाही, पण तसे कबूल केले तर तिसरे औषध शोधावे लागेल.

पुस्तकात आणखी एक खूण दिली आहे. कोलोसिंथची कळ बहुधा रागापाठोपाठ उठते. म्हणून रोग्याला विचारण्यात आले, आधी राग आला होता का? ते म्हणाले, नाही. घरातल्या सगळ्यांनी खाली पाहिले.

हे असले दुखणे तुमच्या शास्त्रात काय असते, आणि किती वाट पाहावी, एवढेच लिही. शेजाऱ्यांसाठी विचारते आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठव, घरी नको.

अंबुजाअक्का

ता. १३ ऑगस्ट, संध्याकाळ

रत्नाकर,

शेजारी म्हणजे अप्पाच. तू ओळखले असशीलच. सत्तरीचा, काटक आणि रागीट असा दुसरा माणूस नुंगंबाक्कमात नाही. असता, तर या दोघांची कधीच जुंपली असती.

खोटे लिहिले, कारण अप्पांनी बजावले होते, 'नागपूरला कळवलेस तर मी एक गोळी तोंडात घालणार नाही.' साबुदाण्याएवढी गोळी पोटात गेली नाही तर कुणाचे काय बिघडते, असे तू म्हणशील. पण त्यांचा जीव त्या गोळीत आहे, आणि माझा त्यांच्यात.

घरातली व्यवस्था तू गेल्यानंतर वाढीला लागली आहे. रेल्वेची नोकरी संपली तशी अप्पांची औषधांची पेटी ओसरीवरून हॉलमध्ये आली, आणि आम्ही हॉलमधून स्वयंपाकघरात गेलो. सकाळी दाराशी रांग लागते. रिक्षावाले येतात, मास्तर येतात, एका न्यायाधीशाची बायकोही येते. सगळ्यांचे ते 'रावजी'. फी नाही, अट आहे. कॉफी बंद, हिंग बंद, देवापुढचा कापूरही बंद, कारण वासाने औषधाचे तेज मरते म्हणे. मद्रासेतल्या माणसाला कॉफी सोडायला सांगायची आणि तो पुन्हा दारात यायचा, याहून मोठा चमत्कार त्या पेटीने केलेला मी पाहिला नाही. तुझे मेहुणे गुरुमूर्ती (नवऱ्याचे नाव लिहिले, आभाळ जागच्या जागी आहे) कचेरीतून आले की मामांचे कंपाउंडर होतात. आत्याचाच मुलगा जावई करून घेतला की हा फायदा असतो. त्याला सासऱ्याला मामा म्हणायची सवय आधीपासून असते, आणि हो म्हणायचीही.

रोग्याची पुरी हकीकत घेतल्याशिवाय औषध नाही, हा अप्पांचा नियम तुला ठाऊक आहे. या वेळी रोगी आणि वैद्य एकाच पलंगावर निजले आहेत. अप्पा डोळे मिटून सांगतात, 'रोगी डाव्या कुशीवर वळू इच्छीत नाही. रोग्यास तहान आहे, पण घोटभर.' हे लिहून घेतात. मी पुस्तक धरून उभी. सत्तर वर्षे ज्या देहात काढली त्याच्याविषयी माणूस असा बोलतो, जणू तो देह सकाळच्या रांगेतून आत आला आहे.

राग नाकारला, म्हणून काल डायोस्कोरिया दिले. गुण आला नाही. दोष शेजारच्या कनकामामींच्या कॉफीवर गेला. त्यांच्या स्वयंपाकघरातला वास भिंतीवरून येतो. त्या दिशेच्या खिडक्या बंद केल्या. तरी गुण नाही. आज तुलना नव्या जोडीची चालली आहे. रोगी निपचित पडून राहतो, हलायला मागत नाही, हे ब्रायोनियाचे लक्षण. पलंगाला धक्का लागलेला सोसत नाही, हे बेलाडोनाचे. दुपारी यांचा गुडघा पलंगाला लागला आणि अप्पा कळवळले, तसा यांचा चेहरा उजळला. म्हणाले, 'मामा, बेलाडोना!' मला हसू आले, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन मी जे केले ते हसणे नव्हते.

आता रागाचे. सोमवारी जेवताना मीच बोलले. आमच्या शाळेतल्या वसंताबाई नागपूरला दिराकडे जाऊन आल्या. त्यांनी सांगितले, की तुला मुलगी झाली, तीही सहा महिन्यांपूर्वी, आणि तिचे नाव तू राजस ठेवलेस. आईचे नाव. आत्याला हे तिसऱ्या माणसाकडून कळावे याचा जाब मी तुला सवडीने विचारीन. अप्पांनी नाव ऐकले, हातातला घास ताटात ठेवला, 'सरि, ठीक आहे,' म्हणाले आणि उठले. त्यानंतर काही वेळाने कळ. आता सांग, राग आला होता की नव्हता? आणि तो राग होता की दुसरे काही, याचे औषध कुठल्या बाटलीत असते?

आईच्या तेराव्याला तू जे बोललास ते त्यांनी मनातून काढलेले नाही. काढावे असे ते वाक्यही नव्हते. तेव्हा तू डॉक्टरीच्या दुसऱ्या वर्षाला होतास, पानावर बसलेल्या ब्राह्मणांसमोर म्हणालास, 'अप्पांनी दोन बाटल्यांत निवड करेपर्यंत आई गेली.' कॉलऱ्यात माणूस घटकेत जातो. इस्पितळात नेली असती तर वाचली असती की नाही, ते तुलाही सांगता येणार नाही. पण कँफर की व्हेराट्रम, गार पडली आहे पण घाम कपाळावर आहे की नाही, हे पाहता पाहता दुपार गेली, एवढे खरे. मी तिथेच होते, पुस्तक धरून.

आज शाळेतून येताना गल्लीतल्या डॉक्टर विजयकुमारांना बरोबर घेऊन आले. अप्पांनी त्यांना खुर्ची दिली, पोटाला हात लावू दिला नाही, आणि त्यांच्याच दम्याची हकीकत विचारून घेतली. दमा मध्यरात्रीनंतर वाढतो की पहाटे, बसून बरे वाटते की टेकून. डॉक्टर जाताना आर्सेनिकच्या पुड्या घेऊन गेले. पण फाटकापाशी मला हळूच म्हणाले, 'ॲपेंडिक्स वाटते, अम्मा. उद्याच्या आत मोठ्या इस्पितळात न्या.'

काय करू ते लिहू नकोस, ते मला ठाऊक आहे. कसे करू ते लिही.

अंबुजा

ता. १४ ऑगस्ट, दुपार

रत्नाकर,

आता हार मान. मी मानली आहे.

आज सकाळी अप्पांना बेलाडोना दिले. मी शाळेत निघायच्या बेतात होते, म्हणजे रजा मागायला. मनाशी ठरवले होते, की दोन शिक्षक आणि रिक्षावाला सुब्बा यांना घेऊन यायचे आणि अप्पांना शिव्या देत का होईना उचलून न्यायचे. शेवटचे विचारायला आत गेले, तर अप्पा उताणे, डोळे उघडे. म्हणाले, 'थांबले.'

मी म्हटले, काय थांबले?

'दुखणे. दिवा विझवावा तसे.'

तीन दिवस ज्या माणसाला कूस बदलता येत नव्हती तो उशीला टेकून बसला आहे. हे पेटीपुढे हात जोडून उभे राहिले. मी काही हात जोडले नाहीत, पण तिथे पेटीपाशीच खाली बसले, आणि दिसायला ते तसेच दिसले असेल. कनकामामी येऊन गेल्या. त्यांच्या कॉफीला माफी मिळाली. खिडक्या उघडल्या. सकाळच्या रांगेला बातमी लागली, तेव्हा माणसे देवदर्शनासारखी दारातून डोकावून जात आहेत, आणि अप्पा प्रत्येकाला सांगत आहेत, की ब्रायोनिया आणि बेलाडोना यांत नवशिके का फसतात.

तुमच्या लोकांनी आत्तापर्यंत सुरी चालवली असती. डॉक्टर विजयकुमारांना मी फाटकातूनच सांगून परत पाठवले, जरा तोऱ्यात सांगितले. त्यांना पुड्यांचा गुण आला का तेही विचारायचे राहिले.

थकवा आहेच. तीन दिवस पोटात अन्न नाही. जेवायला नको म्हणतात, पाणी मागतात. हात गार लागतात, पण डोक्यावर पंखा आहे. पोट जरा फुगल्यासारखे दिसते, वायू असेल. नाक एकदम टोकदार दिसू लागले आहे. तीन दिवसांत माणूस किती वाळतो बघ. पण दुखत नाही म्हणतात, आणि अप्पा रोग्याविषयी खोटे बोलत नाहीत, स्वतःविषयी बोलले तरी.

तुझ्या मुलीला आशीर्वाद. तिच्या आजोबांनी तिचे नाव ऐकून दुखणे काढले आणि बरेही करून दाखवले, असे ती मोठी झाल्यावर तिला सांग.

अंबुजाअक्का

सरकारी इस्पितळ, मद्रास
ता. १६ ऑगस्ट

प्रिय रत्नाकर,

गुरुवारचे पत्र मिळाले असेल तर फाडून टाक. तुझी तार मिळाली म्हणून आपला बाप आज श्वास घेतो आहे. किती दिवस घेईल ते इथे कुणी सांगत नाही.

शाळेचा पत्ता दिला असताना तू घराच्या पत्त्यावर तार केलीस. संध्याकाळी शाळा बंद असते हे तुला सुचले, मला सुचले नव्हते. तारेत लिहिले होतेस, शेजाऱ्यांना ताबडतोब इस्पितळात हलवा, दुखणे एकाएकी थांबले तर त्याहून लवकर, थांबणे हे बरे होणे नव्हे. मरणाच्या तारेतही माझे शेजारी तू शेजारीच ठेवलेस. लहानपणी मी चोरून खाल्लेल्या साखरेचा आळ तू असाच मुंग्यांवर ठेवायचास.

स्वयंपाकघरात उभी राहून तार वाचली. बाहेर अप्पांचा दरबार भरला होता. यांना वाचून दाखवली तर म्हणाले, 'ही तार दुखणे असलेल्या माणसासाठी आहे, अंबुजा. मामांचे थांबले आहे.' मी म्हटले, 'पुढची ओळ वाचा.' त्यांनी वाचली, घडी घातली आणि माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचा मामांवर जितका विश्वास आहे तितका माझ्यावर धाक आहे, म्हणून त्यांना कुठे उभे राहावे ते कळेना.

उचलून नेण्याचा बेत होता, तो मी सोडला. जिंकलेल्या माणसाला घरातून कसा उचलायचा? आणि तारेचे नाव काढले असते तर त्यांनी पलंगाचे लाकूड सोडले नसते. मी बाहेर गेले. कनकामामींना म्हटले, तुमच्याकडे दूध उतू जात आहे. बाकीच्यांना म्हटले, रावजींना आता वारा लागू द्या, तुम्ही सगळे मिळून तो पिताय. माणसे गेली. मग अप्पांच्या उशाशी बसून पाटी-पेन्सिल घेतली आणि म्हटले, 'अप्पा, हकीकत घ्यायची राहिली.'

'कशाला? रोगी बरा आहे.'

'बरा झालेला रोगी पुन्हा तपासल्याशिवाय सोडायचा नाही, असे तुम्हीच सांगता. आज सकाळपासून कुणी तपासलाय?'

हे त्यांना पटले. पटणारच. ते बाकी कशाशीही बेइमान होतील, पण पद्धतीशी नाहीत. डोळे मिटले आणि सांगू लागले. तहान, घोट घोट. भूक नाही. नाडी त्यांनी स्वतःच पाहिली, आणि बोट मनगटावर जरा जास्तच वेळ ठेवले. मग 'बारीक, वेगात' म्हणाले. मी म्हटले, पोट? त्यांनी हात ठेवला आणि लगेच काढला. 'फुगलेले. फळीसारखे.' मी म्हटले, चेहरा? म्हणाले, चेहरा रोग्याला कसा दिसणार, तो वैद्याने पाहायचा.

मी यांच्या दाढीचा आरसा आणून पुढे धरला.

अप्पांनी आरशात पाहिले ते आपण आपल्याला पाहतो तसे नव्हे. सकाळच्या रांगेतले माणूस पाहावे तसे पाहिले. आधी डोळे, मग नाक, मग कानाच्या पाळ्या. सांगू लागले, मी लिहू लागले. डोळे खोल गेलेले. नाक टोकदार. ओठ निळसर. मग मध्येच थांबून कपाळाला बोट लावले आणि ते बोट पाहिले. ओले होते.

'कपाळावर गार घाम,' असे म्हणून ते आरशाकडे पाहत राहिले. मागे हे पेटी उघडून उभेच होते. म्हणाले, 'मामा, आता आर्सेनिक की कार्बो व्हेज? दोन्हीत घाम आहे. आर्सेनिकचा रोगी अस्वस्थ असतो, कार्बोचा...'

'गुरुमूर्ती,' अप्पा म्हणाले, 'पेटी मीट.'

हे तसेच उभे. अप्पा पुन्हा म्हणाले, आवाज न चढवता, 'यात तुलना नाही. टॅक्सी आण. हा रोगी चिरफाडवाल्यांचा आहे.'

टॅक्सी येईपर्यंत मी त्यांची मान धरून बसले होते. पाटीकडे बोट करून म्हणाले, 'कारण' या जागी राग लिही, सोमवारचा. मी लिहिले. मग म्हणाले, 'राग नव्हे, पण त्याला पुस्तकात शब्द नाही, म्हणून रागच लिही.'

ॲपेंडिक्स सकाळीच फुटले होते, रत्नाकर. दुखणे थांबले ते त्या वेळी. बेलाडोनाने नव्हे, फुटल्याने. पू पोटभर पसरला होता. सर्जन म्हणाले, आणखी एक रात्र काढली असती तर आणण्याची तसदी पडली नसती. आम्ही त्याच वेळी खिडक्या उघडून उत्सव करीत होतो, आणि मी तुला हार मान म्हणून लिहीत होते.

पोट धुतले, नळी घातली आहे. पेनिसिलीन दर काही तासांनी टोचतात. काल पंधरा ऑगस्ट म्हणून वॉर्डात मिठाई वाटली, ती यांनी मामांच्या वाटची खिशात घालून घरी नेली, शुद्धीवर आल्यावर देऊ म्हणून. आज ते शुद्धीवर आहेत. ताप आहे.

अंबुजा

सरकारी इस्पितळ
ता. २१ ऑगस्ट

प्रिय रत्नाकर,

तुझे पत्र आले. आठ वेळा वाचले असे लिहिणार होते, पण दोनदाच वाचले. तुझे अक्षर डॉक्टरांचे झाले आहे, तिसऱ्यांदा डोळे चालले नाहीत.

लिहितोस, की रजा मंजूर आहे, ग्रँड ट्रंकचे तिकीट मिळते, पण मी आलो तर अप्पांना वाटेल, मी जिंकलो हे दाखवायला आलो. म्हणून ते बोलावतील तर येईन. तू त्यांचा मुलगा आहेस यात मला कधी शंका नव्हती, पण पुरावा द्यायचाच होता तर वेळ बरी निवडलीस. ते बोलावणार नाहीत, तू बोलावल्याशिवाय येणार नाहीस. मधल्या मध्ये मी टपालखात्याचे उत्पन्न वाढवते आहे.

प्रकृती अशी आहे. जखमेतून अजून स्राव येतो. ताप सकाळी उतरतो, संध्याकाळी चढतो. सर्जनना विचारले, बरे होतील ना? ते म्हणाले, वयाच्या मानाने टिकले आहेत. हे उत्तर नव्हे, हे तुलाही कळते. पुढचे चार-सहा दिवस पाहायचे म्हणतात.

तोंडाने अप्पा पूर्ववत आहेत. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हर्नियाची हकीकत विचारून झाली. कनकामामींनी विचारले, रावजी, थोडी कॉफी आणू का? तर म्हणाले, आणा, आता वासाने मरायला औषध आहे कुठे. डॉक्टरांच्या परवानगीने दोन चमचे घेतली, आणि इतकी वर्षे आम्हाला ज्या वस्तूपासून वाचवले ती बरी असते असे कबूल केले. हे त्या दिवशी घरी जाऊन पोटभर कॉफी प्याले आणि रात्रभर जागे राहिले. सवय नाही.

एक त्यांना लागले आहे. इथे कुणी हकीकत घेत नाही. तरुण डॉक्टर येतो, मराठी तर सोडच, तमिळही धड बोलत नाही, इंग्रजीत विचारतो, दुखते? अप्पा म्हणतात, हो. तो लिहितो आणि जातो. कुठे, कसे, केव्हापासून, कशाने वाढते, मनात काय येते, काही नाही. अप्पा म्हणाले, 'मला त्यांनी वाचवले अंबुजा, पण मी कोण ते त्यांना ठाऊक नाही.' मी म्हटले, तुम्ही लोकांना सगळे विचारता, आणि पोटच्या मुलाला...  पुढचे वाक्य मी गिळले. माझ्याकडून गिळलेले वाक्य तू प्रथमच ऐकतो आहेस.

पण त्यांनी ते ऐकलेच. काल दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. वॉर्ड झोपलेला. ते छताकडे पाहत आपणहून बोलू लागले, रोग्याविषयी बोलतात त्या आवाजात नव्हे.

म्हणाले, 'त्या दिवशी तिला घाम आला होता. रत्नाकर दारात उभा राहून सांगत होता, घाम आहे अप्पा, मी जटकागाडी आणतो, मोठ्या इस्पितळात नेऊ. मी म्हटले, घाम कुठे आहे ते नीट पाहून सांग. अंगभर असेल तर एक, कपाळावर असेल तर दुसरे. तो पाहून आला. म्हणाला, कपाळावर. मला खात्री वाटेना, म्हणून मी स्वतः पाहायला उठलो. मग पुस्तक पाहायला बसलो.'

मी हात थांबवला नाही. थांबवला असता तर ते थांबले असते.

'गुरुवारी तोच घाम माझ्या कपाळावर होता,' ते म्हणाले. 'मी पुस्तक मागितले नाही. टॅक्सी मागितली. तिच्या वेळी पुस्तक, माझ्या वेळी टॅक्सी.'

मी म्हटले, अप्पा, तेव्हा नेले असते तरी गेली असती कदाचित. कॉलरा होता.

'असेल,' म्हणाले. 'पण तो म्हणाला होता तेच मी केले, पंधरा वर्षांनी आणि स्वतःसाठी. तो तेव्हा पोरगा होता, आणि त्याने घाम बरोबर पाहिला होता.'

मग त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असे वाटून मी तेलाची वाटी उचलली, तेव्हा डोळे न उघडता म्हणाले, 'हे त्याला लिहू नकोस.'

बरे, म्हटले.

मी दाराशी पोचले तोवर त्यांनी मला परत हाक मारली. मी खाटेपाशी जाऊन उभी राहिले. ते दुसरीकडे पाहत होते.

'इथून नागपूरचे टपाल,' त्यांनी विचारले, 'किती वाजता निघते?'

अंबुजाअक्का